दिवे लागेपर्यंत

ओपलने बुटाच्या टोकाने उभं राहायच्या जागेची खूण म्हणून जमिनीवर लावलेली चिकटपट्टी चाचपली आणि खाली न बघता बरोबर तिच्यावर उभी राहिली.

बरबँक या स्टुडिओंच्या गावातल्या त्या वृद्धाश्रमात सगळे जुने सिनेकामगारच होते. पडद्यावर कधी न दिसलेल्या अशा माणसांचं पुस्तक निघणार होतं आणि आज फोटोंचा दिवस होता. ओपल अकरा वर्षं ग्लोरिया मर्सर या नटीच्या जागी उभी राहिली होती. तीच उंची, तसेच केस. शूटिंगआधी तासन्‌तास तिच्यावर दिवे लावून बघायचे. 'तयार!' अशी हाक आली की तिनं बाजूला व्हायचं आणि नटीनं यायचं. एवढ्या उजेडात उभं राहूनही तिचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. आज तो निघणार म्हणून ती सकाळपासून नटून बसली होती.

"नवरी दिसतेयस अगदी," चाकाच्या खुर्चीतून विल्बर म्हणाला. स्टुडिओत दिवे लावायचं काम त्याचं.

"गप्प बस. तुझ्या दिव्यांनी नाक भाजायचं माझं."

"एवढं मोठं नाक, मध्ये येणारच!"

फोटोवाली पोरगी, नॅडीन, हसत दिवा सरकवत होती.

"हनुवटी डावीकडे, मिस ओपल. सुरेख! आता हलू नका."

ओपल वीस मिनिटं हलली नाही. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"झालं, तयार!" म्हणून नॅडीन कॅमेऱ्यामागे वाकली.

ओपल चटकन बाजूला झाली आणि भिंतीपाशी हात बांधून उभी राहिली.

नॅडीनने डोकं वर काढलं. "अहो, कुठे निघालात?"

ओपलने आधी दिव्याकडे, मग रिकाम्या पट्टीकडे पाहिलं. मग ती कानापर्यंत लाल झाली. "अगं बाई! सवय गं, दुसरं काय."

ती परत पट्टीवर आली, पण नजर ठरेना. नॅडीनने दोनदा सांगितलं तरी ती दाराकडेच वळायची. ग्लोरियाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तिच्या दफनाला ओपल गेली होती. मागच्या रांगेत उभी होती.

विल्बरने खुर्चीची चाकं फिरवली. तो दारापाशी गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"ओपल, आज कुणी यायचं नाही," तो म्हणाला. "दिवे तुझ्यासाठीच लावलेत."

ओपलने मान डोलावली. ती पट्टीवर नीट उभी राहिली आणि तिने विचारलं,

"मग हात कुठे ठेवू रे? ते नेहमी ग्लोरियाच येऊन ठरवायची."