नाव काढून टाका

"ताई, नागपूरहून कोनाचा तरी फोन आहे. 'ज्योत्स्नावहिनी आहेत का' म्हणून विचारून राह्यल्या." रिसेप्शनवरच्या देवश्रीनं रिसीव्हर पुढे केला.

वहिनी. सात वर्षांत या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. ज्योत्स्नाच्या हातातल्या ओल्या एक्स-रे फिल्मचं पाणी फरशीवर टपकत राहिलं.

२००१ च्या उन्हाळ्यात नवऱ्यानं मोडलेला हात गळ्यात बांधून ती नागपूरहून निघाली होती. हात बरा झाल्यावर बालाघाटच्या या खासगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागली. कुणी विचारलं तर 'माहेर अमरावतीचं, आता कोणी नाही' एवढंच सांगायची.

महिन्यापूर्वी देवश्रीनं हौसेनं तिचं नाव इंटरनेटवरच्या नोकरदारांच्या एका साइटवर टाकलं. "मोठे हॉस्पिटलवाले खुद बोलावतात, ताई!" दवाखान्याचं नाव, गाव, फोन, सगळं भरलं. साइटनं तिच्या नागपूरपासूनच्या जुन्या ईमेलचा पासवर्ड मागितला. ज्योत्स्नानं तोही दिला. तेव्हापासून बोलावणं आलं ते एकच, विमा एजंट होण्याचं.

"वहिनी, मी ऋता," पलीकडून धाकट्या नणंदेचा आवाज आला. "तुमच्या नावानं मले मेल आला. तुमच्या ओळखीत सामील व्हा म्हणते."

"मी नाही पाठवला!"

"साइटच पाठवते, वहिनी. तुमी आजवर ज्याले ज्याले मेल केला असंन, त्या साऱ्यायले."

ज्योत्स्ना स्टुलावर बसली. आज संध्याकाळीच पिशवी भरावी लागेल. पुन्हा नवं गाव, नवी खोली, नवं खोटं. "त्यायले पण गेला?" तिनं कसंबसं विचारलं.

"दादाले? नाही. त्याचा मेलचा पत्ताच नाही. पण त्याच्या ऑफिसात आता नेट आलं. तुमचं नाव काढून टाका पहिले."

"आता तुले कळलं मी कुठं आहो ते."

"मले तीन वर्षांपासून माहीत आहे. गोंदियाच्या स्टँडवर तुमाले बालाघाटच्या बसमध्ये चढताना पाह्यलं होतं. हातात भाजीची पिशवी होती. खुशीत दिसल्या. म्हणून हाक नाही मारली."

"कोनाले सांगितलं?"

"आईलेबी नाही."

ऋतानं घाईघाईनं "ठेवते" म्हटलं.

'साइटवरचं माहं नाव काढ' असं ज्योत्स्नानं म्हणताच देवश्रीनं कॉम्प्युटर लावला. साइटनं 'खरंच जायचंय का?' असं दोनदा विचारलं. तिसऱ्या पानावर नाव गेलं. देवश्रीनं पुन्हा शोधून पाहिलं. काही नाही.

"सॉरी ताई. मले वाटलं तुमचं भलं होईन."

"हौ. पासवर्ड तर मीच सांगितला ना." ज्योत्स्नाचे खांदे सैल पडले. तिला एकदम सणसणीत भूक लागली. सकाळचा डबा तसाच होता. तो उघडून तिनं अर्धी पोळी देवश्रीच्या हातावर ठेवली.

"पण ताई, कोन होत्या त्या?" देवश्रीनं भीत भीत विचारलं.

नेहमीचं उत्तर ज्योत्स्नाच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं मागे घेतलं.

"माही नणंद आहे," ती म्हणाली. "ऋता नाव तिचं."