हरवलेल्यानं आधी बसावं

"बाई, ते नववीतली जयवंता उठून नाही राहिली," शिपाई नत्थूजी स्टाफरूमच्या दारातून म्हणाले. "व्हरांड्यात बसली खांबाले टेकून. बाप फाटकापाशी रिक्षा घेऊन उभा हाये. हेडमास्तर तुमाले बोलावून राहिले."

हे ते प्रेमिलाबाईंना म्हणत होते. मी शेजारी बसून चहा पीत होते.

"पोरगी आजारी आहे का?" मी विचारलं.

"आजारी कायची जी. बापाले म्हणते, मी हरवली हाये, हरवलेल्यानं चालू नये." नत्थूजींना हसू आवरत नव्हतं. "हेडमास्तर म्हणते, हे बाईंच्या पुस्तकातलं हाये."

प्रेमिलाबाईंनी कप खाली ठेवला. "बरोबर उत्तर आहे," त्या म्हणाल्या आणि पायात चपला सरकवून निघाल्या. मीही पदर खोचून मागे गेले. तमाशा बघायला गेले असं कुणी म्हणालं तर म्हणो. त्या शाळेत शिवण शिकवता शिकवता माझे केस पिकायला आले होते, आणि इतक्या वर्षांत एखादी मुलगी पुस्तकातलं काही खरं धरून वागल्याचं मी पाहिलं नव्हतं.

ते पुस्तक मला ठाऊक होतं, कारण ते माझ्या शिवणाच्या हॉलमध्येच वाचलं गेलं. मुलींच्या वाट्याला वाचनाचा तास नव्हता. संस्थेच्या मुलांच्या शाळेत होता. त्या वेळात मुलींनी काज-बटण करायचं, असा शाळेचा रिवाज. प्रेमिलाबाई नवीन आल्या आणि मला म्हणाल्या, "शामलाबाई, मुलींचे हात तुमच्याकडे ठेवा, कान मला द्या." मला काय, कान मला कधी लागलेच नव्हते. दर शुक्रवारी त्या स्टुलावर बसायच्या, मुली काजं करायच्या आणि बाई वाचायच्या.

कादंबरी जुनी, मुखपृष्ठ गेलेलं, नावाचं पानही गेलेलं. सातपुड्यात वनरक्षक असलेल्या मामाबरोबर एक चौदा वर्षांचा मुलगा रानात जातो. मामा तापानं मरतो आणि पोरगा एकटा उरतो. पहिल्या दिवशी तो भेदरून नुसता धावतो, धावतो, आणि संध्याकाळी त्याला मातीत पावलं दिसतात. माणूस सापडला म्हणून तो हरखतो, तर ती त्याचीच पावलं. तिथं तो खाली बसतो. मग मामाचं धोतर, एक कोयता, दोरी असं जे जवळ आहे ते पुढ्यात मांडतो आणि विचार करायला लागतो. नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी काढतो. तेंदूची कच्ची टेंभरं खाऊन तोंड आवळून घेतो. ज्या शुक्रवारी बिब्ब्याच्या चिकानं त्याच्या अंगावर फोड उठले, त्या दिवशी माझ्या वर्गातलं एक काज सरळ आलं नाही. मी रागवायला उठले, तर माझ्याच हातातल्या झंपरची बाही उलटी शिवली गेली होती.

हेडमास्तर मनोहररावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, वाचा, पण गोष्टीचा बोध लिहून घ्या. मनोहररावांचा बोधावर फार जीव. मुंगीच्या धड्याचा बोध, सूर्याच्या धड्याचा बोध, त्यांचं चाललं असतं तर त्यांनी भूमितीच्या प्रमेयाचाही बोध विचारला असता. बाईंनी लिहून घेतला. सगळ्या मुलींनी एकजात लिहिलं, 'संकटात धीर सोडू नये.' बाईंनी सगळ्यांना शून्य दिलं.

वर्गात रडारड झाली. बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला पुस्तक वाचायच्या आधीपासून माहीत होतं. मग इतके शुक्रवार कशाला वाचलं? त्यानं काय केलं ते सांगा. तुम्हाला त्यातलं काय करता येईल ते सांगा."

मग एकेक उत्तरं आली. ओलं लाकूड पेटत नाही, म्हणून कोरडं आधीच झाकून ठेवावं. अनोळखी फळ पहिल्यांदा जिभेला लावून बघावं. एकटं पडलं तर मोठ्यानं बोलावं, म्हणजे आपला आवाज विसरत नाही. जयवंता ही मागच्या बाकावरची, तोंडातून शब्द न काढणारी. सगळे मास्तर तिला मठ्ठ समजायचे, आणि खरं सांगायचं तर तिचा टाकाही लांबच पडायचा. तिनं लिहिलं, 'हरवलं की पहिले बसा. घाबरून चाललं की आणखी हरवते. बसलं की दिसते आपल्यापाशी काय काय हाये.' बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले.

आणि आता ती व्हरांड्यात बसली होती.

एकाहत्तर सालचा एप्रिल. सकाळचीच शाळा होती, तरी दहा वाजताच फरशी तापली होती. वार्षिक परीक्षेचा मराठीचा पेपर नुकताच सुटला होता. गणितापासून पुढचं सगळं बाकी. जयवंता पाय पोटाशी घेऊन बसलेली. समोर तिचा बाप शालिकराम. विहिरींवरचे पंप दुरुस्त करणारा माणूस, काटोलच्या बाजूला संत्र्यांच्या बगीच्यांत त्याचं जाणंयेणं. हात तेलानं काळे, पण आज सदरा इस्त्रीचा. त्याच्यामागे त्याची बहीण अंजनाबाई, जयवंताची आत्या, काखेत नव्या लुगड्याचं गाठोडं.

गोष्ट अशी होती. आत्यानं काटोलकडचा एक बगीचावाला मुलगा पाहिला होता. तो आज दुपारी तिकडेच आत्याच्या घरी पाहायला येणार होता. पसंत पडली तर तिथंच कुंकू लावायचं आणि महिन्यात लग्न. जयवंता आज गेली की उरलेले पेपर गेले, पेपर गेले की नववी गेली, आणि नापास झालेल्या मुलीला पुन्हा शाळेत कोण पाठवतं? तिनं सगळं नीट मोजलं होतं. मठ्ठ म्हणे.

"बाबा, पेपर झाले का येतो ना मी," ती म्हणत होती. "मंग पाहू द्या त्याले."

"पाहुणे तुह्या पेपरासाठी थांबतीन का?" अंजनाबाई म्हणाली. "दोन विहिरीचा बगीचा हाये वं. असं स्थळ पुन्हा येते का? ऊठ."

"मी उठत नाही."

"काहून उठत नाही?"

"मले समजून नाही राहिलं कुठं जाचं ते. म्हणून बसली."

शालिकरामानं तिचा दंड धरला. पण व्हरांड्याच्या कडेला सगळ्या मुली उभ्या होत्या, पंधरा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर ओढत न्यायचं म्हणजे काय ते त्यालाही कळलं. त्यानं हात सोडला आणि सदऱ्याला पुसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरोखर वाटत होतं की आपण पोरीचं सोनं करतो आहोत.

मनोहरराव घामानं डबडबले होते. "प्रेमिलाबाई, तुम्ही तिला सांगा ऊठ म्हणून. तुमचं ऐकते ती."

"ती बसली आहे ते चूक आहे का, सर?"

"अहो, बोध घ्यायचा असतो," मनोहरराव म्हणाले, "वापरायचा नसतो."

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण तो माणूस इतकं खरं कधीच बोलला नव्हता. मला हसू आलं आणि त्यांनी ते पाहिलं.

मग ते बाईंना बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे माझ्या शेजारी, कारण सावली तेवढीच होती. "तुमची जागा कायम करायचा विषय जूनमध्ये कमिटीपुढे आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पालकांची तक्रार गेली तर मी काही करू शकणार नाही. एक शब्द बोलायचा आहे. ऊठ म्हणा, संपलं."

प्रेमिलाबाईंचे वडील नव्हते. इंदोऱ्याच्या दोन खोल्यांत आई आणि दोन धाकटे भाऊ त्यांच्या पगारावर होते. हे मला माहीत होतं, मनोहररावांनाही माहीत होतं, म्हणूनच ते बोलले.

"मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या.

"विचार करा."

"केला, सर. तिला उठवायचं असेल तर तुम्ही उठवा. तिनं माझ्याकडून पैकीच्या पैकी घेतले आहेत. आज मी तिला ऊठ म्हटलं तर ते मार्क खोटे होतील."

तेवढ्यात शालिकरामाचा धीर सुटला. काटोलची गाडी निघायची वेळ झाली होती. "बस मंग येथंच," तो पोरीवर ओरडला. "परीक्षा देजो का काय करायचं ते करजो. पण माह्या घरी नको येऊ आता. समजलं? जेथं राहाचं तेथं राहा."

जयवंतानं मान वर केली नाही, नुसते फ्रॉकच्या कडेनं डोळे पुसले. मला वाटलं, उठते आता. कोण नाही उठणार? मी पाण्याचा तांब्या आणायला गेले, कारण मला तिथं उभं राहवेना.

परत आले तेव्हा प्रेमिलाबाई शालिकरामासमोर उभ्या होत्या. आवाज अगदी साधा, हजेरी घेताना असतो तसा. "हरकत नाही, भाऊ. पेपर संपेपर्यंत ती माझ्याकडे राहील. इंदोऱ्याला. माझी आई जेवूखाऊ घालेल. आमच्यातच झोपेल."

इंदोरा म्हटल्यावर अंजनाबाईला सगळं कळलं होतं. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्यांची ती वस्ती. तिनं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. "तुमच्या घरी?" ती म्हणाली. "जेवणं-खाणं?"

"हो. आमच्या घरी."

"मी राहीन," जयवंता खालूनच म्हणाली. त्या दिवसभरातलं तिचं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य.

शालिकराम बाईंकडे पाहत राहिला. मग पोरीकडे. मग बहिणीकडे, आणि बहिणीच्या चेहऱ्यावर त्याला सगळं गाव दिसलं असावं. उद्या काटोलात काय सांगायचं? पोरगी कुठं आहे? कुणाकडे जेवते? बगीचावालाच काय, मग शेळीवालाही दारात उभा राहिला नसता.

"काही गरज नाही," तो शेवटी म्हणाला. "आमची पोरगी आमच्या घरी राहीन."

"आणि पेपर?" बाईंनी विचारलं.

"मी आणून सोडीन ना सायकलवर. रोज सोडीन. अंजने, तू जाय. त्याइले सांग, पोरीची परीक्षा चालू हाये. थांबायचं असन तर थांबा म्हणा."

"अन् नाही थांबले तं?"

"तं जाऊ दे."

जयवंता उठली. कुणी हात दिला नाही, तिनं मागितलाही नाही. फ्रॉकची धूळ झटकली, माझ्या हातातला तांब्या घेऊन गटागटा पाणी प्यायली आणि बापामागे चालू लागली. जाताना शालिकरामानं प्रेमिलाबाईंकडे वळूनही पाहिलं नाही. नमस्कार तर दूरच.

मी स्टाफरूममध्ये आले ती तणतणत. "काय माणसं ही. पोरीला घराबाहेर काढायला तयार, पण तुमच्या घरचा घास नको. तुम्ही का ऐकून घेतलंत? आणि आधीच माहीत नव्हतं का तुम्हाला, ते काय म्हणतील?"

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "म्हणूनच बोलले."

मला क्षणभर उमजलं नाही.

"माझ्याजवळ दुसरं काय होतं, शामलाबाई? हेडमास्तर तिच्या बाजूनं नाहीत. कायदा विचारायला वेळ नाही. माझ्या शब्दाला त्या माणसाच्या लेखी काही किंमत नाही. मग काय आहे? माझ्या घरचं अन्न त्याला चालत नाही, एवढंच होतं. तेवढंच वापरलं." त्यांनी चहाचा गार कप उचलला आणि तसाच पिऊन टाकला. अपमान गिळायचा असतो असं सगळे सांगतात. या बाईनं तो गिळला नाही, कामाला लावला. पण लागायचा तो तिला लागलाच होता, आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

शालिकरामानं शब्द पाळला. रोज सकाळी सायकल फाटकाशी यायची, पोरगी उतरायची, आणि पेपर सुटेपर्यंत तो समोरच्या कडुलिंबाखाली उभा. पाहुणे थांबले नाहीत. जयवंता नववी पास झाली. गणितात काठावर, पण झाली.

कमिटीची सभा झाली. मनोहररावांनी बाईंना बोलावून सांगितलं की घरगुती कारणानं येऊ शकत नाही असं लिहून द्या, म्हणजे पुढं दुसरीकडे अडचण होणार नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या घरी काही कारण नाही, सर. कारण तुमच्याकडे आहे. ते तुम्ही लिहा." मनोहररावांनी काहीच लिहिलं नाही. नुसती नेमणुकीची ऑर्डर आली नाही, झालं.

जूनच्या अखेरीस शाळा उघडली. पटांगणात मुली रांगेत उभ्या राहिल्या, आम्ही समोर. मराठीची नवी बाई आली होती, बिचारी कुणाची तरी भाची. प्रार्थना सुरू होणार एवढ्यात फाटकातून प्रेमिलाबाई आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, खांद्याला पर्स. सरळ चालत आल्या आणि शिक्षकांच्या ओळीत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. सरकायला मला कुणाला सांगावं लागलं नाही.

मनोहरराव लगबगीनं आले. "बाई, तुम्ही इथं कशाला?"

"प्रार्थनेला. तिला ऑर्डर लागत नाही."

मनोहरराव आपल्या जागेवर परत गेले. प्रार्थना झाली. बाईंचा आवाज चांगला नव्हता, थोडा फाटका होता, पण त्या दिवशी त्यांनी एकही ओळ हळू म्हटली नाही. संपल्यावर त्यांनी पर्स सावरली आणि निघाल्या. कडेची वाट सोडून मुलींच्या रांगांच्या मधून. कन्हानच्या शाळेत जागा मिळाली होती, पगार कमी, रोज कामठीच्या पुढं बसनं जायचं. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ती बाई घाई करत नाही.

घंटा झाली. वर्गात जायची घंटा. दहावीची रांग हलली नाही. मागची नववीही नाही. मनोहरराव नत्थूजींवर खेकसले, नत्थूजींनी पुन्हा टोल दिला. मुली फाटकाकडे तोंड करून उभ्या होत्या, हात बाजूला. प्रेमिलाबाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या, बसथांब्यावर उभ्या राहिल्या, आणि बस येईपर्यंत कुणीही आत गेलं नाही.