तिरडी मागे फिरत नाही

कृष्णरावांची तिरडी कॉलनीच्या फाटकाशी अडली. वॉचमनने आडवा दांडा खाली पाडला आणि आतून रस्ता नाही म्हणून सांगितलं.

रस्ता होता. त्यांची बायको गंगूबाई लग्न होऊन मिलच्या चाळीत आली त्याच्याही आधीपासून होता. मिलच्या मागच्या भिंतीला धरून चालत राहिलं की नाल्यापलीकडे मुक्तिधाम, म्हणजे स्मशान. मिलमधला जो मेला तो याच वाटेने गेला. मग मिल बंद पडली, जमीन विकली गेली. इंदूर शेतं गिळत चहूकडे फुगलं, आणि प्रत्येक नव्या कॉलनीने स्वतःभोवती भिंत घालून एकच तोंड ठेवलं. मिलच्या जागेवरच्या या कॉलनीला मागे, जुन्या वाटेवर, एक लोखंडी दार होतं खरं, पण नकाशा पास करून घेण्यापुरतं. नकाशा पास झाला, दाराला कुलूप पडलं. आता मुक्तिधामला जायचं तर ट्रकांच्या धुरातून रिंग रोडचा वळसा.

कॉलनीचा अध्यक्ष मनीष धावत आला. त्याचा बाप मिलमध्ये कृष्णरावांच्या शेजारच्या मागावर कामाला होता, आणि मेला तेव्हा कृष्णरावांच्या खांद्यावरून याच वाटेने गेला होता. मनीषला ते ठाऊक होतं, म्हणूनच तो गंगूबाईकडे न बघता तिच्या मुलाशी, नंदूशी बोलत होता. सिक्युरिटीचा प्रश्न आहे, मेंबर लोक ऐकत नाहीत, शववाहिका मागवून देतो. हातात मडकं धरलेला नंदू विरघळला.

"आई, घूमके जाऊ ना. काय फरक पडतो?"

"उचललेली तिरडी मागे फिरत नाही," ती म्हणाली. बायकांनी प्रेतामागे जायचं नसतं, असं चाळीतल्या म्हाताऱ्यांनी तिला सकाळीच बजावलं होतं. तेही तिने ऐकलं नव्हतं. "विसावा इथंच द्या."

निम्म्या वाटेत तिरडी टेकवून खांदेकरी पुढचे मागे होतात, तो विसावा. तिरडी फाटकाच्या बरोबर तोंडात टेकली. खांदेकरी बाजूला बसून बिड्या ओढू लागले.

ऑफिसांची वेळ. पलासियाकडे निघालेल्या गाड्या आत एकामागे एक तुंबल्या, बाहेर शाळेची बस अडली. निघायला दुसरी गल्ली होती कुठे? भिंत त्यांनीच घातलेली. हॉर्न वाजले, तिरडी दिसली तसे गप्प झाले. एक साहेब खाली उतरून म्हणाले, जरा बाजूला घ्या.

"तुम्हीच घूमके जा, भिया," खांदेकऱ्यांतला मोहन म्हणाला.

शेवटी मनीषने मागच्या दाराची किल्ली आणली. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली फिरेना. मोहनने दगड घातला.

तिरडी कॉलनीच्या बगिच्यातून, त्या दारातून पार झाली. गंगूबाई दारातच थांबली. मनीष हळूच म्हणाला, काकू, आज झालं ते झालं, पण उद्या नवं कुलूप लागेल.

"लाव. परवा आम्ही अस्थी सावडायला येतोय, मग दहाव्याला. चाळीत म्हातारे अजून पुष्कळ आहेत, मनीष."

आणि माणसं त्याच वाटेने परत येईपर्यंत ती दाराच्या मधोमध बसून राहिली.