चढावरचा कोरडा सूर

या मित्रांनो, असे जवळ सरका. माझ्या सीटची शिवण उसवली आहे, पण टेकायला ती अजून बरी आहे. एका चढाची आणि एका आवाजाची गोष्ट सांगते. मन लावून ऐकलीत, तर पुढे कुठलेही यंत्र कुरकुरले की तुमचा हात आपोआप थबकेल.

मी एक जुनी क्रूझर मोटरसायकल आहे. रुंद हँडल, लांबलचक अंग, पोटात दोन सिलिंडर. एका माणसाला सपाट रस्त्यावर आरामात फिरवावे, एवढाच माझा जोर. अमेरिकेतल्या आर्कान्सॉच्या डोंगरात मला ऑर्लीनच्या नवऱ्याने आणले. तो देवाघरी गेल्यावर ऑर्लीनने माझ्या बाजूला साइडकार, म्हणजे एका चाकाची बैठक, जोडली, कारण दर रविवारी तिला भावाला, थर्मनला, माथ्यावरच्या चर्चमध्ये न्यायचे असे. थर्मनचा एक पाय लाकूडगिरणीत गेलेला. पण गळा! उपदेश बोलता बोलता तो कधी गाऊ लागे, ते कळतही नसे. त्या गाण्यासाठी चौदा म्हातारी माणसे जमत. तो आला नाही, तर त्या दाराला कुलूपच लागायचे.

अडचण माझीच होती. साडेतीन मैलांच्या त्या चढावर दोघांना ओढताना माझा वेग ताशी बावीस मैलांवर येई, आणि मागून ओंडक्यांचे ट्रक अंगावर येत. एकदा एकाचा बंपर माझ्या मागच्या दिव्याला लागला.

घरी आल्यावर ऑर्लीन म्हणाली, "हिला जोर आला नाही, तर थर्मन, मी तुला त्या चढावर नेणार नाही. तुला पुरण्यासाठी नाही जगले मी."

नवे इंजिन तिच्या ऐपतीबाहेरचे. म्हणून ती मला नवऱ्याच्या मित्राकडे, ड्वेनच्या गॅरेजात घेऊन गेली.

"वहिनी, ही घुसमटलीय," ड्वेन म्हणाला. "हवा जास्त आत, धूर मोकळा बाहेर. फुकटात काम होतंय!"

त्याने सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या कापल्या, फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर बसवला. मी अशी गरजले की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या.

"बघा! दहा घोड्यांची ताकद वाढली!"

"घोडे वाढले की नुसतं खिंकाळणं?" थर्मनने विचारले. सगळे हसले. खरे सांगते, स्तुतीने मीही फुगले होते.

रविवारी पहिला मैल मी पस्तीसने चढले. मग छाती तापू लागली. हवा भरपूर येत होती, पण कार्ब्युरेटरच्या बारीक भोकातून पेट्रोल मात्र जुन्याच मापाने. असे जळण फार तापते. आत टकटक सुरू झाली, डब्यात गोट्या खुळखुळाव्यात तशी. माझ्या गर्जनेत ती ऑर्लीनला ऐकू येईना. पिस्टन अडकला असता, तर मागचे चाक जागीच थांबले असते. आणि आरशात ट्रक भरला होता.

"ताई, हिचा सूर बिघडलाय!" इंजिनाला लागून बसलेला थर्मन ओरडला.

"गप रे! मागे बघ आधी!"

"ऐक माझं! हा कोरड्या घशाचा आवाज आहे. उपदेशात पाणी मिळालं नाही की माझा असाच होतो. हिला घोट हवाय, ताई!"

घोट! कडाक्याच्या थंडीत मला सुरू करताना ऑर्लीन चोक ओढायची, तेव्हा मला जादा पेट्रोल मिळे. तापलेल्या गाडीचा चोक भर चढावर कुणी ओढत नाही. तरी तिने तो अर्धा ओढला.

टकटक विरली. मागे भोंगा वाजतच होता. पाव मैलावर खडीची मोकळी जागा दिसली, तिथे ऑर्लीनने मला वळवले. ट्रक इतक्या जवळून गेला की ओंडक्यांची साल माझ्या टाकीवर उडाली.

थर्मनने हळूच गायला सुरुवात केली. त्या रविवारी वाट पाहून चौदा म्हातारी माणसे वरून खाली उतरली आणि उपदेश खडीवरच झाला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात ड्वेनने माझा स्पार्क प्लग काढला. तो खडूसारखा पांढरा पडला होता, पेट्रोल कमी पडल्याची खूण. त्याने टोपी हातात घेतली. "वहिनी, हवा वाढवली, पण पेट्रोल वाढवायचं विसरलो."

"विसरलास की आवाजाला भुललास?"

मग जे झाले ते साधेच होते. सायलेन्सरमध्ये पुन्हा जाळ्या, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारे मोठ्या भोकाचे पितळी जेट, व्हॉल्व्हची नीट जुळणी, आणि साखळीचे पुढचे दातेरी चाक एका दाताने लहान. सपाटीवरचा वेग थोडा गेला, पण चढावरची ओढ वाढली. पुढच्या रविवारी मी अर्ध्या आवाजात तेहतीसने चढले आणि थर्मन माझ्या सुरात सूर मिळवून गुणगुणत राहिला. ते दार पुढे नऊ वर्षे उघडे होते.

आज मी ड्वेनच्या शेडमध्ये उभी आहे. थर्मन माथ्यावर, चर्चच्या अंगणात विसावला आहे. मित्रांनो, यंत्राकडून जोर मागण्याआधी त्याच्या पोटात काय कमी आहे ते विचारा. आणि कधी एखादा दमलेला आवाज कानावर आला, यंत्राचा असो की माणसाचा, तर माझ्या थर्मनला आठवा, आणि त्या आवाजाला आधी घोटभर द्या.