इंजिनावर उभा राहिलेला रुपया

रुपया उभा राहिला आणि यवतच्या जुन्या गाड्यांच्या आवारात जमलेल्या दीडशे माणसांनी एकदम ‘आऽऽ’ केलं. बॉनेट उघडं, इंजिन चालू, इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकण थरथरतंय आणि त्यावर नाणं कडेवर ताठ उभं. पडायचं नाव नाही! कुणी हात जोडले, कुणी मोबाईल वर धरले. एका पठ्ठ्यानं तर टायरलाच नमस्कार घातला.

पोपटराव महाराजांनी डोळे मिटले. हे महाराज चार वर्षांपूर्वी याच हायवेवर सीट कव्हर विकायचे. आता त्यांना इंजिनाचा आत्मा दिसायला लागला होता. कफनीच्या खिशात दोन मोबाईल आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"इंजिन म्हंजी गाडीचं काळीज! खोट्या काळजावर लक्ष्मी उभी ऱ्हात न्हाई. रुपया पडला तर गाडी सोडा, रुपया ठरला तर डोळे झाकून घ्या!"

डोळे झाकून, एवढं मात्र महाराज अगदी खरं बोलले.

गर्दीत पुढेच तुळजाबाई उभी होती, शेजारी नवरा बापूसाहेब. ही पांढरी जुनी एसयूव्ही त्यांच्यासाठीच ठरत होती. तुळजाबाईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा केडगावहून हडपसरला डायलिसिसला जायचं. मागच्या महिन्यात त्यांची जुनी गाडी उरुळीजवळ बंद पडली आणि दोन तास बाई रस्त्याकडेला श्वासासाठी तडफडली. म्हणून आता गाडी कशी दिसते याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. इंजिन वाटेत दगा देणार नाही, एवढंच तिला हवं होतं.

गाडी शोधली होती भाच्यानं, स्वराजनं. भाऊ गेल्यावर आठ वर्षांचं ते पोर तिनं घरी आणलं, लोकांचे ब्लाऊज शिवून त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं. आता तो शिरूरला कंपनीत होता.

"आत्या, म्या सोता तपासलंय इंजिन," तो म्हणाला. "वर म्हाराजांची खात्री. आजून काय पायजे?"

केडगावच्या गॅरेजवाल्या इम्तियाजनं मात्र तिला बजावलं होतं, "मावशी, गाडी गार असताना चालू करून बघा. गरम इंजिन समदे दोष झाकतं. आन् चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढा. भसाभसा धूर आला तर माघारी फिरा."

तिनं आल्या आल्या बॉनेटला हात लावला होता. चांगलंच तापलं होतं.

"आरतीसाठी पहाटंच चालू करत्यात," स्वराजनं सांगितलं होतं. तिनं विश्वास ठेवला. स्वराजवर नाही ठेवायचा तर कुणावर?

"या माउली," महाराज गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या हातचा रुपया ठिवा."

तुळजाबाईनं रुपया झाकणाजवळ नेला. अजून दोन बोटं अंतर होतं, तोच नाणं तिच्या चिमटीतून ओढलं गेलं आणि टक् करून बसलं. गर्दीनं पुन्हा ‘आऽऽ’ केलं. तुळजाबाईच्या मात्र बोटांना ती ओढ ओळखीची वाटली. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेली बाई! खाली सांडलेल्या सुया-टाचण्या ती लोहचुंबकानंच गोळा करायची.

"म्हाराज, पाचाचं पिवळं नाणं ठिवू का?"

"छे छे! पिवळं म्हंजी गुरूचं, इंजिन लोखंडाचं, म्हंजी शनीचं. त्यांचं जमत न्हाई!"

"बघू तरी भांडत्यात का," म्हणत तिनं पाचाचं नाणं उभं केलं. पडलं. पुन्हा केलं. घरंगळून खाली गेलं.

"शंका आली, शक्ती गेली!" महाराज ओरडले.

तिनं बांगडीतली पिन काढून झाकणावर सोडली. पिन टुणकन उभी राहिली.

"अरारा!" मागून कुणीतरी म्हणालं. "पिनीला बी काळीज कळतंय व्हय?"

लोक हसले. महाराज काही हसले नाहीत.

"इंजिन बंद करा आन् ते झाकण काढा," तुळजाबाई म्हणाली.

"आत्या, नको! भाजंल तुला!" स्वराज पुढे झेपावला. केवढी काळजी पोराला, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बापूसाहेबांनी रुमाल गुंडाळून झाकण उपसून काढलं आणि उलटं केलं. आतल्या फोममध्ये एक गोल वस्तू खोचलेली होती. हिरव्या ब्लाऊजपिसाच्या तुकड्यात शिवलेली, कडेनं लाल दोऱ्याचा काजटाका.

तुळजाबाईला आपला टाका ओळखू आला.

जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं ते लोहचुंबक तिचंच होतं. दिवाळीपासून सापडत नव्हतं. तिनं सगळं घर पालथं घातलं होतं, आणि हा स्वराज तिच्याबरोबर मशीनखाली वाकून शोधत होता!

"आत्या, बाजूला चल. सांगतो."

"हितंच सांग."

"समदेच करत्यात गं... गाडीमागं कमिशन मिळतं."

"ही गाडी म्या घेणार, ठावं व्हतं ना तुला?"

स्वराज बुटांकडे बघत राहिला. तुळजाबाईला भडभडून आलं. भर गर्दीत तिनं पदर तोंडाला लावला.

"उरुळीजवळ माझं डोकं तुझ्याच मांडीवर व्हतं रं," ती म्हणाली.

बापूसाहेब मूठ वळून पुढे सरसावले, पण तिनं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. गाडी गार व्हऊ द्या आधी. लोकांना समदं दिसू द्या."

दुपारपर्यंत ती तिथंच खुर्ची टाकून बसली. मधल्या वेळात महाराज लघुशंकेला म्हणून गेले ते गेलेच. गार पडलेलं इंजिन चौथ्या खेपेला कसंबसं चालू झालं. मागून निळा धूर, आत खडखडाट. तेलाचं झाकण काढताच उकळत्या चहाच्या पातेल्यासारख्या वाफा. "पिस्टन रिंगा खलास," गर्दीतला एक ट्रकवाला म्हणाला. "ही हडपसर काय, वाटंतलं लोणीबी गाठायची न्हाई."

"मग आमी गाडी पारखायची तरी कशी?" एका बाईनं विचारलं.

तुळजाबाईनं डोळे पुसले. "गार इंजिन चालू करून बघायचं. धूर बघायचा, तेल बघायचं. ज्याला त्या सौद्यातून काय मिळत न्हाई, असा मेकॅनिक संगं न्यायचा. कुणी चमत्कार दावला तर झाकण उघडायला लावायचं. आन् आपलाच माणूस सांगतोय म्हणून सोडून द्यायचं न्हाई, तवा तर दोनदा बघायचं."

"आत्या, घरी सोडतो," स्वराज पुटपुटला.

तिनं लोहचुंबक पिशवीत टाकलं आणि बापूसाहेबांचा हात धरून ती एसटीच्या थांब्याकडे निघाली. उद्या सोमवार होता, हडपसरला जायचं होतं.