कारणाचा रकाना

मास्तरांच्या खाते बंद करण्याच्या अर्जावर बँकेच्या कारकुनाने ‘घर बदलले’ असे लिहून शिक्का मारला.

“घर कुठं बदललंय मी? तुमचा दंड परवडत नाही म्हणून समोरच्या बँकेत चाललोय.”

“रकाना भरावा लागतो, मास्तर.”

शिल्लक कमी पडली की दरमहा दंड कापला जाई आणि माणसे वैतागून खाते बंद करत. खरे कारण लिहिले की वरून साहेबांना विचारणा होई. मागच्या खेपेला साहेबांनी त्याला सर्वांदेखत सुनावले होते, ‘आणखी एक खातं दंडापायी गेलं, तर ही खुर्ची तुमची नाही.’ तेव्हापासून त्याच्या कागदोपत्री अर्धे गाव घर बदलून गेले होते.

“पुढचा नंबर.”

काचेपलीकडे आई उभी होती. हातात टोकन.

“तू कशाला आलीस? घरी सांगायचं.”

“घरी तू बोलतोस कधी?”

तिने पासबुक सरकवले. “खातं बंद कर.” दरमहा तो तिच्या खात्यात टाकायचा ती रक्कम आठ महिन्यांपूर्वी थांबली होती. पुढच्या महिन्यापासून नक्की टाकू, असे म्हणता म्हणता राहून गेले होते. त्याखाली दंडाच्या आठ ओळी. उरले तीनशे बारा.

नोटा मोजता मोजता मास्तर हसले. “काय वहिनी, दिव्याखालीच अंधार?”

कारकुनाचे कान तापले. त्याने आवाज खाली आणला.

“मी दंड माफ करून आणतो. साहेबांच्या पाया पडतो.”

“नको. तू कुणाच्या पाया पडू नकोस.”

“अगं, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. कारण काय लिहू?”

“रोज लिहितोस तेच लिही की. घर बदललं.”

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने भराभर अर्ज भरला, शिक्का मारला, तीनशे बारा रुपये फटीतून सरकवले. तिने ते दोनदा मोजले, पदराला बांधले. मग त्याच फटीतून घराची किल्ली आत सरकवली.

“दूध तापवून ठेवलंय. सूनबाईला सांग.”

ती वाकली. उठली तेव्हा हातात दोरीने बांधलेली जुनी बॅग होती. मास्तरांनी धावत जाऊन दार धरले.

अर्जावरची शाई अजून ओली होती. नव्या पत्त्याची ओळ त्याने सवयीने कोरीच सोडली होती.