कपाचा टवका की धूमकेतूचा कण?

मी एक कण बोलतोय. कशाचा, ते मात्र लगेच विचारू नका. सगळा घोळ तिथेच आहे.

मला आठवतं ते असं. एका धूमकेतूच्या अंगावर, उंच कड्याच्या पायथ्याशी मी बर्फात रुतून बसलो होतो. धूमकेतू म्हटलं की लोकांना झगझगीत शेपूट दिसते. आमचा मात्र वरून डांबरासारखा काळाकुट्ट. ऊन लागलं की भेगांतून वाफ उसळायची. एकदा माणसांचं यान आलं, त्यानं सगळे खड्डे-कडे टिपले आणि जाताना मूठभर धूळ उचलली. त्यात मी होतो. निदान मला तसं वाटत होतं.

इथे प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत, माझा नंबर सत्तावीस. मला तपासणाऱ्या संशोधक बाईंना सगळे ताई म्हणतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या पुटपुटतात, "हलू नकोस रे बाबा." मी कुठे हलतोय!

एके दिवशी त्यांचा चेहरा उतरला. भट्टीसारख्या उष्णतेतच तयार होणारं खनिज माझ्यात सापडलं होतं. त्यांनी सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, बोलावलं.

"बर्फाच्या गोळ्यात भाजलेला दाणा? शक्यच नाही," सर म्हणाले. मग जरा ओशाळले. "अगं, यानातल्या पेट्या उघडल्या त्या दिवशी मी चहा घेऊन उभा होतो. माझ्या चिनी मातीच्या कपाचा टवका उडालाय. हा तोच असणार."

"सर! इथे चहा?"

"दारात गं. आत नाही आलो."

ताईंनी नमुन्यांची वही पुढे ओढली. मी कपाचा ठरलो, तर सगळ्याच नमुन्यांत भेसळ, आणि त्यांची सात वर्षांची मेहनत पाण्यात.

माझी तर मतीच गुंग झाली. सर एवढे मोठे, ते उगाच कशाला बोलतील? ऐकून ऐकून मलाही चहाचा वास आठवू लागला, कुणाच्या तरी ओठांची ऊब आठवू लागली. मग बर्फ कुणी पाहिला होता?

खात्रीचा उपाय एकच. हलका आणि जड असा दोन्ही तऱ्हेचा ऑक्सिजन माझ्यात किती, ते मोजायचं. पृथ्वीच्या मातीत ते प्रमाण ठरलेलं असतं. पण मोजायचं तर मला खरवडून उडवावं लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मला भीती वाटली, स्पष्टच सांगतो.

"अर्धाच घेऊ," ताई म्हणाल्या.

यंत्र सुरू झालं. अर्धा मी गेलो. पडद्यावर आकडे उमटले, आणि सरांनी ते दोनदा वाचले.

"हा इथला नाही गं," शेवटी ते म्हणाले. "सूर्याजवळ भाजला गेलाय आणि मग दूर बर्फात फेकला गेलाय. पृथ्वी जन्मायच्या आधी. चुकलो मी."

ताई रडता रडता हसल्या. लोक आगीतून फुफाट्यात पडतात, मी आगीतून बर्फात पडलो म्हणायचा!

सगळ्यांचा घोळ मिटला, माझा नाही. ती आग मला आठवतच नाही. ज्यानं खरं सांगितलं तो अर्धा संपला. मी आपला ऐकीव माहितीवर जगतोय. ताई, उद्या तुम्ही मला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवणार आहात. पाठवा. पण त्यांना एवढं सांगा, याला इतक्यात खरवडू नका. आमची खात्री झाली, याची स्वतःची अजून व्हायची आहे.